चमचाभर तेल आणि गाडीभर पंडित

तेल या विषयावर ज्याला मत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. फोडणीला शेंगदाण्याचं की करडईचं, डोक्याला खोबरेल की बदामाचं, गुडघ्याला तिळाचं की मोहरीचं, यावर आपल्याकडे घरं दुभंगलेली आहेत. दिवाळीच्या पहाटे कुठलं सुगंधी तेल लावावं यावरून सासू-सुनेत जो अबोला सुरू होतो, तो कधीकधी संक्रांतीच्या तिळगुळानेही सुटत नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. ज्याचं डोकं त्याचं तेल. पण हीच मंडळी जेव्हा जुन्या मोटारीचं बॉनेट उघडं दिसताच हात मागे बांधून जवळ येतात आणि "यात ना, जरा जाड ऑइल टाका" असं सांगून पुढच्या कट्ट्याकडे निघून जातात, तेव्हा मला लेखणी उचलावी लागते. आजचा लेख म्हणजे एक फिर्याद आहे. फिर्यादी एक चमचाभर तेल, आरोपी तमाम तेलपंडित, आणि वकील अस्मादिक.

आधी फिर्यादीचा पत्ता सांगतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांना, म्हणजे मॉरिस मायनर, एम.जी., मिनी, जग्वार वगैरे खानदानी मंडळींना, एस.यू. नावाचा कार्बोरेटर असे. तो ओळखायला अगदी सोपा. वर घुमटासारखी ॲल्युमिनियमची टोपी, त्या टोपीला वर एक नळकांड्यासारखी मान, आणि मानेवर काळं किंवा पितळी बूच. लांबून पाहिलं तर इंजिनाच्या कुशीत कुणी छोटासा दर्गा बांधलाय असं वाटतं. ते बूच फिरवून वर ओढलं की त्याच्याबरोबर एक बारीक दांडी बाहेर येते आणि आत थोडंसं तेल दिसतं. या जागेला डॅशपॉट म्हणतात. तेल मावतं किती? चहाच्या चमच्याने एक, फार तर दोन चमचे. आणि एवढ्या तेलावर मी बाजीप्रभूंच्या आवेशाने खिंड लढवणाऱ्या माणसांच्या फौजा पाहिल्या आहेत.

एस.यू. म्हणजे स्किनर युनियन. जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि त्याचा भाऊ यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे यंत्र जुळवलं, १९१० साली कंपनी काढली आणि १९२६ साली ती मॉरिस मोटारवाल्या विल्यम मॉरिसला विकली. यातली गंमत अशी, की स्किनर घराणं मूळचं बूट-चपलांच्या व्यापारातलं. त्यामुळे पहिल्या कार्बोरेटरांत चक्क चामड्याचा भाता होता. ज्याच्या घरी जे पिकतं तेच तो पानात वाढतो! पुढे चामडं गेलं, धातूचा पिस्टन आला. पण चपलेच्या दुकानाचा मूळ गुण या यंत्रात राहिला. गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाप्रमाणे माल देणं हा तो गुण.

ते कसं, हे दोन मिनिटांत सांगतो. कॉमर्सच्या माणसाला कळलं ते कुणालाही कळेल. इंजिन हवा ओढतं. जितकी जास्त हवा ओढली जाईल तितका घुमटातला पिस्टन वर उचलला जातो. पिस्टनच्या खाली एक निमुळती सुई आहे, ती पेट्रोलच्या भोकात, म्हणजे जेटमध्ये, उभी असते. पिस्टन वर गेला की सुई वर जाते, भोक मोकळं होतं आणि जास्त पेट्रोल मिळतं. हवेच्या मागणीइतका पेट्रोलचा पुरवठा. इतका सरळ हिशेब आमच्या बँकेच्या ताळेबंदातही सापडणार नाही.

आता प्रश्न येतो घाईचा. तुम्ही एकदम ॲक्सिलरेटर दाबलात. हवा हलकी, ती ताबडतोब धावत येते. पेट्रोल जड, ते मागे रेंगाळतं. अशा वेळी पिस्टन जर टुणकन वर उडाला तर हवेचीच चंगळ होते, मिश्रण पातळ पडतं आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी उचकी देते. दुसऱ्या जातीच्या कार्बोरेटरांत यासाठी एक पिचकारी ठेवलेली असते. पाय दाबला की ती जादा पेट्रोल उडवते. स्किनरच्या यंत्रात पिचकारी नाही. तिथे ते चमचाभर तेल आहे. बुचाला लटकलेली दांडी त्या तेलात बुडालेली असते आणि ती पिस्टनला म्हणते, "सावकाश! कुठे आग लागली आहे का?" पिस्टन क्षणभर रेंगाळतो, तेवढ्या क्षणात जेटवरची ओढ वाढते, पेट्रोल जास्त येतं आणि गाडी झोकात उचलते. उलट पाय काढलात की मात्र तेल आड येत नाही. पिस्टन विनातक्रार खाली येतो. म्हणजे वर जाताना अडवणूक, खाली येताना मोकळीक. कर्ज देताना बारा सह्या आणि हप्ता घेताना एकही नाही, हे आमच्या खात्याचं धोरण मी कार्बोरेटरात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा खटला तिच्यावर उभा आहे. हे तेल वंगणासाठी नाही. ते इंजिनात घालायचं नाही, झीज थांबवायला घालायचं नाही, 'गाडीला ताकद यावी' म्हणून तर नाहीच नाही. त्याचं काम एकच, पिस्टनला वर जाताना योग्य तेवढा वेळ लावणं. तेव्हा 'उत्तम तेल कुठलं' हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. 'किती जाड' एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कार्बोरेटर करणाऱ्यांनीच देऊन ठेवलं आहे: एस.ए.ई. २०. हलकं, साधं, एकाच ग्रेडचं तेल. झालं. लेख इथे संपायला हवा होता. तो संपत नाही, कारण मध्ये पंडित आहेत.

पंडितांचा पहिला पंथ जाडवाद्यांचा. आपल्या समाजात जाड ते चांगलं ही समजूत फार खोल गेलेली आहे. दूध जाड हवं, साय जाड हवी, सोन्याची चेन जाड हवी, जावयाचा पगार जाड हवा. मग तेल तेवढं पातळ का म्हणून? जाडवादी सांगतो, "नव्वद नंबर टाका, बघा कशी चालते!" हे नव्वद नंबर म्हणजे गिअर बॉक्सचं तेल. आता गंमत अशी की गिअर ऑइलचा नंबर आणि इंजिन ऑइलचा नंबर ही दोन वेगळी खतावणीची पुस्तकं आहेत. गिअरचं ९० हे जाडीने इंजिनाच्या ४०-५०च्या आसपास बसतं. म्हणजे नव्वद ऐकून जो घाबरतो तो जास्त घाबरतो, आणि नव्वद ऐकून जो खूष होतो त्याला मुळात पुस्तकच चुकीचं दिलेलं असतं. पण ४०-५० असलं तरी ते इथे फारच जाड. पाय दाबला की पिस्टन सरकारी फायलीसारखा हलतच नाही, पेट्रोलचा लोंढा येतो, मागून काळा धूर निघतो आणि गाडी गुदमरते. यावर जाडवाद्याचा निष्कर्ष तयार असतो: "अजून थोडं जाड पाहिजे."

जाडवाद्यांचा सुशिक्षित पोटपंथ म्हणजे वीस-पन्नासवाले. त्यांचा युक्तिवाद ऐकायला फार गोड. "अहो, इंजिन ऑइल २०डब्ल्यू/५० असतं ना? म्हणजे थंड असताना २० नंबर आणि गरम झालं की ५०. कार्बोरेटर कुठे एवढा तापतो? म्हणजे आत २० नंबरच आहे!" हे ऐकून समोरचा माणूस मान डोलावतो, कारण वाक्यात दोन आकडे आणि एक इंग्रजी अक्षर आहे. पण जगात कुठलंही मोटारीचं तेल तापल्यावर जाड होत नाही. तापलं की पातळच होतं, कढईत बघा. त्या 'डब्ल्यू'चा अर्थ विंटर. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू होताना हे तेल किती अडवतं त्याची ती वेगळी परीक्षा, आणि पुढचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीचा. शंभर अंशांना २० नंबरच्या तेलाची जाडी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात पडते. ५० नंबरची १६.३ ते २१.९ या पट्ट्यात. आणि डॅशपॉटात जेवढी ऊब असते तेवढ्या उबेत, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, साधं २० नंबर साठीच्या पुढेमागे असतं तर २०डब्ल्यू/५० दीडशेच्याही वर. अडीचपट! नावात वीस आहे म्हणून ते वीस होत नाही. आमच्या शाखेत एका खातेदाराचं आडनाव लाखे आहे. म्हणून त्यांच्या खात्यात लाख निघतात असं नाही.

न्यायाने बोलायचं तर वीस-पन्नासवाल्यांच्या बाजूने एक कागद आहे, तो मी दडवत नाही. काही मोटार कंपन्यांनी आपल्या मालकांच्या पुस्तिकेत 'इंजिनात घालता तेच तेल इथेही घाला' असं छापलं होतं. मला वाटतं, त्यामागे मालकाने निदान काहीतरी घालावं, कोरडं ठेवू नये, एवढाच उदार हेतू असावा. शिवाय आपल्याकडची हवा बर्मिंगहॅमची नव्हे. नागपुरात मे महिन्यात कुणी ३० नंबर घातलं आणि गाडी छान उचलली, तर मी त्याला फाशी द्या म्हणणार नाही. उष्णतेने ते थोडं पातळ झालेलंच असणार. माझं भांडण तीसशी नाही. माझं भांडण 'कशालाही काय होतंय' या वृत्तीशी आहे, कारण तीच वृत्ती पुढच्या वर्षी नव्वदला पोचते.

दुसरा पंथ पातळवाद्यांचा. हे लोक शिवणाच्या मशीनची कुपी घेऊन येतात. "एकदम हलकं आहे, पिस्टन कसा लोण्यासारखा फिरेल!" अहो, फिरायलाच तर नकोय! त्याला थोडं अडवायचं म्हणून तर हा सगळा संसार मांडलाय. शिवणयंत्राचं तेल घातलं की पिस्टन मोकाट सुटतो, पाय दाबल्याबरोबर गाडी गचका खाते आणि चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर मागचा रिक्षावाला तुमच्या पूर्वजांची चौकशी करतो. यांच्यातले परदेशी जाऊन आलेले ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल सुचवतात. तेही चाळीस अंशांना पस्तिसच्या आसपास, म्हणजे वीस नंबरच्या निम्म्याला थोडं वर. थंड मुलखात एखाद्याचं त्याने भागत असेल, नाही असं नाही; पण गाडी उन्हात उभी करून, तापलेल्या बॉनेटखाली ते आणखी पातळ करून, मग 'पिकअप का नाही' म्हणून विचारायचं, हे उपासाच्या दिवशी वजन करून अशक्तपणाची तक्रार करण्यासारखं आहे.

तिसरा पंथ घरगुती उपायवाल्यांचा. यांची श्रद्धा खोबरेलावर. घरच्या शिवणयंत्राला आजी खोबरेल घालायची, ते साठ वर्षं चाललं, मग मोटारीला काय धाड भरली आहे? पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, हे पुण्यातल्या कुठल्याही न्हाणीघरातल्या बाटलीला विचारा. डिसेंबरात सकाळी त्या डॅशपॉटात तेल नसतं, मेणबत्ती असते. दुसरा एक विद्वान एरंडेलवाला असतो. त्याचा पुरावा ऐतिहासिक असतो: कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टर ऑइलवरून आलं. हे खरं आहे, १९०९ साली आलं. आणि एके काळी शर्यतीच्या मोटारी व विमानं एरंडेलावर चालत, हेही खरं. पण एरंडेल कालांतराने चिकट होतं, त्याचा डिंक बनतो. शर्यतीची इंजिनं त्यासाठी वारंवार खोलून साफ करत. तुम्ही डॅशपॉट वर्षातून एकदा दसऱ्याला उघडता, तेही हळदकुंकू लावायला. लहानपणी एरंडेल ज्या कामासाठी पोटात जायचं त्या कामालाच ते राहू द्या.

चौथा पंथ विलायती बाटलीवाल्यांचा. सव्वाशे मिलीलीटरची चिमुकली बाटली, त्यावर 'डॅशपॉट ऑइल' असं छापलेलं, आणि ती परदेशातून मागवताना तेलापेक्षा टपाल महाग. बाटलीत जे असतं ते बरोबरच असतं, माझी त्याला हरकत नाही. ज्याला परवडतं त्याने जरूर आणावी, कपाटात अत्तरदाणीशेजारी ठेवावी. माझी हरकत बाटलीबरोबर जी भीती विकली जाते तिला आहे. 'हे नाही घातलंत तर कार्बोरेटर गेला!' कुठेही जात नाही. कारखान्यांच्या बाजारात यंत्रांचं हायड्रॉलिक तेल मिळतं, त्यावर आय.एस.ओ. व्ही.जी. ६८ असं लिहिलेलं असतं. हा ६८ म्हणजे चाळीस अंशांना मोजलेले सेंटिस्टोक, आणि ते इंजिन तेलाच्या २० नंबराच्या जवळपास येतं. पितळी बुचाखाली काय ओतलंय ते पिस्टनला वाचता येत नाही; त्याला फक्त जाडी कळते.

अलीकडे या वीस नंबरच्या गोंधळात आणखी एक वीस सामील झाला आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवर इ-२० पेट्रोल आहे, वीस टक्के इथेनॉलचं. परवा एका गृहस्थांनी मला गंभीरपणे सांगितलं, "आता पेट्रोलच वीस झालंय, म्हणजे तेल वेगळं घालायची गरज नाही." मी त्यांना कोपरापासून नमस्कार केला. इथेनॉलने जुन्या गाड्यांचे रबर आणि बुचाचे सील खराब होऊ शकतात, ती काळजी खरी आणि वेगळी; तिचा डॅशपॉटातल्या तेलाशी काडीचा संबंध नाही. पण आकडा सारखा दिसला की नातं जोडायचं, ही आपली जुनी खोड. लग्नं सुद्धा गुण जुळवून लावणारे लोक आपण!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या चमचाभर तेलासाठी पाच पानं शाई कशाला? कुणी जाड घातलं, कुणी पातळ, गाडी तर चालते ना? हाच तो प्रश्न. गाडी चालत नाही. ती अडखळते, आणि ती अडखळली की पाचवा पंथ येतो, ज्याच्यापुढे आधीचे चारही साधुसंत वाटावेत. हा पंथ म्हणतो, "साहेब, हा कार्बच काढून टाका. याचं काही मिळत नाही. दुसऱ्या गाडीचा बसवून देतो."

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. त्यांच्या वडिलांची मॉरिस मायनर त्यांच्याकडे आहे. ही तीच मायनर, जी अलेक इसिगोनिसने रेखली आणि १९४८ साली पहिल्यांदा लोकांपुढे आली. काका रविवारी तिला पुसतात, सुरू करतात आणि काकूंना गणपतीला नेऊन आणतात. एवढाच तिचा प्रवास. गेल्या वर्षी ती चढावर गचके खायला लागली. एका नावाजलेल्या गॅरेजात (नाव विचारू नका, मला त्याच रस्त्याने कामावर जावं लागतं) तिला नेलं. तिथल्या तरुणाने बॉनेट उघडलं, कॉम्प्युटरची वायर कुठे जोडायची ते शोधलं, सापडली नाही, आणि मग कार्बोरेटर बदलायचा अंदाज लिहून दिला. जुना कार्बोरेटर 'भंगारात जमा करून घेऊ' अशी उदार ओळही त्यात होती. काका कागद घेऊन माझ्याकडे आले, कारण आकडे दिसले की लोक बँकवाल्याकडे येतात. "काय करू रे? बाबांनी चाळीस वर्षं हाच चालवला," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी मेकॅनिक नाही. मी स्कूटरवाला माणूस. पण वीस वर्षं सर्क्युलरं वाचून मला एक सवय लागली आहे: कागद असेल तर आधी वाचायचा. काकांच्या माळ्यावर, लग्नाच्या अल्बमखाली, गाडीची पुस्तिका सापडली. बूच फिरवून दांडी वर काढली. ती कोरडी ठणठणीत होती. या तेलाचा स्वभाव असा की ते पिस्टनच्या दांडीवरून हळूहळू खाली झिरपतं आणि इंजिनात जळून जातं; न कुरकुरता जातं, एखाद्या जुन्या नोकरासारखं. म्हणून ते अधूनमधून पाहायचं असतं. दोन चमचे २० नंबर घातलं. चढ गाडीने असा घेतला, की काकू मागच्या सीटवरून "अहो, हळू!" म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं काका सांगतात.

मी त्या तरुणाला दोष देत नाही. तो स्कॅनर लावून शिकला. आता मोटारींत कार्बोरेटर उरला नाही आणि २०२०च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा आल्यावर नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ गेलाच. कानाने मिश्रण ओळखणारे म्हातारे मिस्त्री एकेक करून निवृत्त झाले. ज्याने कधी पाहिलंच नाही त्याला डॅशपॉट कसा कळावा? माझा राग आहे तो ज्यांनी पाहिलंय त्यांच्यावर. चाळीस-पन्नास वर्षं गाड्या हाकलेल्या, पुस्तिका घरात असलेल्या आणि ती न उघडता 'नव्वद टाका' सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांवर. पुढच्या पिढीला द्यायला यांच्याकडे एक आकडा होता, दोन अंकी. तोही यांनी चुकीचा दिला.

दुसरी एक गोष्ट. पंडित मंडळी तेल बदलून सगळेच रोग बरे करायला बघतात. ॲव्हरेज कमी? तेल बदला. उभी गाडी थरथरते? तेल बदला. हे म्हणजे पासबुकात चूक निघाली म्हणून शाई बदलण्यासारखं आहे. हे तेल फक्त पाय दाबतानाच्या क्षणात काम करतं. गाडी एकसारख्या वेगाने चालली असताना किंवा जागच्या जागी धुकधुकत असताना पिस्टन एका ठिकाणी स्थिर असतो. तेव्हा आत वीस आहे, नव्वद आहे की गुलाबपाणी, त्याला फरक पडत नाही. तेव्हा एकदम रेस देताना अडखळत असेल तर तेल पाहा. एरवी काही बिघाड असेल तर जेट, सुई, कुठून हवा चोरून शिरतेय का, ते पाहा. रोग कुठला हे न बघता औषध देणाऱ्याला वैदू म्हणतात.

आणि लहान गोष्टीला हसणाऱ्यांना एक दाखला देऊन ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनालाही एस.यू.चा कार्बोरेटर होता. जात वेगळी, पण कंपनी हीच. विमानाने एकदम खाली नाक घातलं की इंजिन बंद पडायला बघे, आणि मागे जर्मन विमान. १९४१ साली बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी त्यावर उपाय काढला. पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक धातूची छोटी भोकाची चकती. नवीन इंजिन नाही, नवीन विमान नाही. चकती! 'सगळं बदलून टाका' म्हणणारे त्या वेळीही असतीलच. बाईंनी आधी बिघाड कुठे आहे ते पाहिलं.

तेव्हा ज्यांच्या दारात असली म्हातारी गाडी असेल त्यांच्यासाठी, फी न घेता, चार ओळी. तेल २० नंबर. बूच काढा, दांडी कोरडी असेल तर थोडं तेल घाला, आणि दांडी परत खाली सोडा. बूच बसायला साधारण सहा मिलीमीटर राहिले असताना बोटाला तेलाचा विरोध लागला की पुरे. जास्त ओतून पुण्य लागत नाही. पिस्टनच्या बाहेरच्या अंगाला तेल चोपडू नका, तो अंगाला उटणं लावून घेत नाही. तिथे स्वच्छ आणि कोरडंच हवं. महिन्यातून एकदा बघत जा. आणि पिस्टन बोटाने उचलून सोडला तर वर जाताना कुरकुरला पाहिजे आणि खाली निमूट आला पाहिजे.

एवढं करूनही कुणी हात मागे बांधून बॉनेटपाशी आला आणि म्हणाला, "यात ना, जरा जाड ऑइल टाका," तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला प्रेमाने घरात बोलवा, चहा द्या, आणि चहात साखर किती घालू म्हणून विचारा. तो 'एक चमचा' म्हणेल. तुम्ही नव्वद घाला.